दृक्प्रत्यय

१६ फेब्रुवारी १९८०. शनिवार, त्यात अवस आणि वर सूर्यग्रहण. "तिघं पाहुणे एकदमच आले म्हणायचे," असं म्हणत आजी सकाळपासून पाण्याच्या हंड्यावर, दुधावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पानं ठेवत फिरत होती. लोणच्यावर कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "असू दे गो, एक पान जास्त झालं म्हणून काय बिघडतंय."

खग्रास पट्टा आमच्या रत्नागिरीच्या बराच खालून, कारवार-अंकोल्याकडून जायचा होता. आमच्या वाट्याला सूर्याची कोर तेवढी उरणार होती. मी नऊ वर्षांची होते. आईला सातवा महिना लागला होता. गर्भार म्हणून तिला वेधातून सूट होती ती एवढीच, की सकाळी दहापर्यंत जेवून घे. त्यानंतर मोक्ष होईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, विळीला आणि सुईला हात लावायचा नाही, गाठ मारायची नाही, आडवं व्हायचं नाही. माजघरात भिंतीला पाठ टेकून बसायचं. बस्स.

काका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आदल्या संध्याकाळी त्यांनी ओटीवर कंदील, नारळ आणि सुपारी घेऊन आम्हा पोरांना ग्रहण करून दाखवलं होतं. कंदील सूर्य, नारळ पृथ्वी, सुपारी चंद्र. राहू-बिहू सगळं थोतांड, हेही त्यांनी आजीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगून घेतलं. याच काकांनी दुसऱ्या दिवशी दोन वाजता घराची झाडून सगळी दारं-खिडक्या लावली आणि फटींमध्ये जुनी वर्तमानपत्रं कोंबली. ग्रहणाच्या वेळी सूर्यातून 'वाईट किरण' येतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. हे किरण एरवी कुठं जातात, हे विचारायची आमची टाप नव्हती.

(सूर्य तोच असतो, किरणही तेच. धोका असतो तो नुसत्या डोळ्यांनी टक लावण्याचा. एरवी सूर्याकडे बघवत नाही म्हणून डोळे वाचतात. झाकलेल्या सूर्याकडे बघवतं. आणि डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे तो भाजला तरी भाजला हे कळायला संध्याकाळ उजाडते.)

घर असं बंद झालं, पण आजी आत आलीच नाही. मागच्या पडवीत घमेल्यात शेण कालवलेलं पाणी ठेवून ती त्यातलं सूर्याचं प्रतिबिंब बघत बसली होती. तोंडानं जप, डोळे घमेल्यात. तिच्या लहानपणापासून ग्रहण असंच बघायचं असतं. आज कुणी असं बघू नये, साधे सौरचष्मे मिळतात. पण सांगायचा मुद्दा असा, की राहू मानणारी बाई बाहेर बसून बघत होती आणि राहू न मानणारा गृहस्थ आत बसून कडीला हात लावून होता.

आमचं घर कौलारू. एरवी दुपारी माजघराच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर कवडसे पडत. कौलांमधली फट तिरकी असो, चौकोनी असो की नुसती चीर, जमिनीवर पडणारा ठिपका गोलच असतो, किंवा ऊन कललं की लांबट गोल. का, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं: कवडसा हे भोकाचं चित्र नसतंच, ते सूर्याचं चित्र असतं. घराचं छप्पर हा एक मोठा, भोकांचा कॅमेरा असतो आणि आपण त्यात राहत असतो.

अडीचच्या सुमाराला त्या गोलांना एका बाजूनं दात लागल्यासारखे झाले. मग ते अर्धे झाले. पावणेचारच्या सुमाराला माजघरभर कोरी पडल्या होत्या. जमिनीवर, हंड्याच्या पोटावर, उतरंडीवर, भिंतीला टेकून बसलेल्या आईच्या पातळावर. शंभरेक तरी असतील, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. आई हलली की तिच्या अंगावरच्या कोरी घडीघडीतून सरकायच्या. काका उभे होते तिथंच खिळले. मी ओरडले, म्हणून आजी आत आली. क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "घ्या! दारं लावून बसलात, तो कौलातून आत आला."

तेव्हाच आईनं पाणी मागितलं. आजीनं दिलं नाही.

एप्रिलात माझा भाऊ झाला, चांगला धडधाकट. आजी म्हणाली, पाळलं म्हणून. काका म्हणाले, दारं लावली म्हणून. कोरी आईच्या अंगावर पडल्याच होत्या, त्याचा हिशेब दोघांनीही केला नाही.

या सगळ्या गडबडीत भाऊ, म्हणजे माझे आजोबा, कुठं होते? ते पडवीच्या दाराशी पंचांग आणि घड्याळ मांडीवर घेऊन बसले होते. पंचांगात ग्रहणाच्या वेळा दिलेल्या असतात: स्पर्श, मध्य, मोक्ष, खग्रास असेल तर संमीलन (पुरतं झाकलं जाणं) आणि उन्मीलनही (पुन्हा उघडू लागणं). भाऊंची नजर अधू झाली होती, तेव्हा बघायचं काम आजीचं. तिनं पडवीतून "लागलं!" म्हणून हाक द्यायची आणि यांनी घड्याळात बघून पंचांगाच्या कडेला शाईनं वेळ टिपायची. सुटल्यावरही तेच. मग छापील आकड्याशी ताडून बघायचं. मिनिटा-दोन मिनिटांत जमलं की समाधानानं म्हणायचे, "दृक्प्रत्यय आला." त्यांच्या जुन्या पंचांगांच्या कडांना अशा किती ग्रहणांच्या वेळा होत्या! विज्ञानाच्या तासाला प्रयोगवहीत आम्ही जे करत होतो, तेच ते जानवं कानाशी नेणारे गृहस्थ विनातक्रार करत होते.

दृक्प्रत्यय. गणितानं जे सांगितलं ते डोळ्यांना तसंच दिसलं पाहिजे. या एका शब्दापायी महाराष्ट्रात पन्नास-साठ वर्षं भांडणं झालेली आहेत, आणि आमच्या घरात त्याचा पुरावा काही वर्षांनी एकदा यायचा. त्या वर्षी आमचे गणपती शेजारच्यांच्या महिनाभर आधी यायचे. मला त्याचं भारी सुख: महिन्याच्या अंतरानं दोनदा मोदक. आमच्याकडे टिळक पंचांग होतं, शेजारी दुसरं.

गोष्ट मुळापासून सांगायची तर आपल्याकडची जुनी पंचांगं ग्रहलाघवावरून बनत. हा ग्रंथ गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात लिहिला. त्यांचे वडील केशव हेही आकाश बघणारे. जुन्या सिद्धांतांतले ग्रह आणि दिसणारे ग्रह यांत फरक पडतो हे त्यांनी स्वतः वेध घेऊन नोंदवलं होतं. गणेशांनी ज्या-कोज्यांची (आजच्या साइन-कोसाइनची) कटकट काढून टाकून साध्या गुणाकार-भागाकारांवर ग्रह आणून दिले. खेड्यातल्या जोश्याला जमेल असं गणित! म्हणून ते साडेतीनशे वर्षं चाललं. पण सोपं गणित उसन्या घड्याळासारखं असतं, रोज थोडंथोडं मागं पडतं. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगातलं ग्रहण आणि आकाशातलं ग्रहण यांत उघड अंतर दिसायला लागलं.

केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे, टिळकांचे गणिताचे गुरू, यांनी युरोपातल्या नव्या गणितावरून १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टकं केली आणि पुढं १८६५ च्या सुमाराला आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर नवं पंचांग सुरू झालं. साहेबाच्या कोष्टकांवरून काढलेली तिथी श्राद्धाला चालेल का, यावर पुष्कळ वाद रंगले. नव्या बाजूचे लोक काही धर्म सोडलेले नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की तिथी म्हणजे सूर्य-चंद्रांतलं अंतर. ते अंतर आकाशात नसेल तर तुम्ही श्राद्ध कुठल्या तिथीला करता? धर्म पाळायचा म्हणूनच दुर्बीण हवी. मला हा युक्तिवाद फार आवडतो.

पुढं मात्र गंमत झाली. दृक्प्रत्ययानं सूर्य कुठं आहे हे सांगितलं, पण राशीचक्र कुठून मोजायचं हे कोण सांगणार? आकाशात मेषेच्या आरंभाची खुंटी ठोकलेली नाही. टिळकांच्या बाजूनं रेवतीतला एक मंद तारा धरला. दुसऱ्या बाजूनं चित्रेच्या बरोबर समोरचा बिंदू धरला. व्यंकटेश बापूजी केतकरांचं गणित याच दुसऱ्या पक्षाचं, आणि पुढं बहुतेकांनी तेच घेतलं. दोहोंत साधारण चार अंशांचं अंतर. सूर्य चार अंश चालायला चार दिवस घेतो, म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीला आणि इतरांची १४-१५ ला. या चार दिवसांत अमावास्या सापडली की एकाचा अधिक महिना दुसऱ्याचा निज होतो आणि मधले सण महिनाभर सरकतात. २०२३ मध्ये टिळक पंचांगाचे गणपती २० ऑगस्टला बसले, बाकी महाराष्ट्राचे १९ सप्टेंबरला. गणपतीनं दोन्हीकडे मोदक खाल्ले असणार, माझ्यासारखेच.

आणि खरं उत्तरायण? ते २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं. संक्रांतीला तिळगूळ देताना 'आजपासून सूर्य उत्तरेकडे' असं म्हणणाऱ्यानं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून गच्चीवरच्या एका खांबाची दुपारची सावली खडूनं आखून बघावी. स्वतंत्र भारतात मेघनाद साहांच्या समितीनं हे सगळं निस्तरून ऋतूंशी बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका दिली. २२ मार्च १९५७ ला १ चैत्र १८७९ धरून ती सुरूही झाली. सरकारी राजपत्रावर ती आहे. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर नाही.

राहूकडे परत येते. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्येच ग्रहण सावल्यांनी होतं हे सांगून ठेवलं होतं. सव्वाशे वर्षांनी ब्रह्मगुप्तानं, जो गणितात त्याच्या तोडीचा, राहू न मानणाऱ्यांना खडसावलं: श्रुती-स्मृती राहू सांगतात, लोक मानतात, तुम्ही कोण? आणि त्याच ग्रंथात ग्रहणाचं गणित मात्र सावलीचा व्यास काढूनच केलं. मध्य आशियातून आलेला विद्वान अल्-बिरूनी १०३० च्या सुमाराला हे वाचून चकित झाला. इतका हुशार माणूस असं का लिहितो? सॉक्रेटिसाची गत आपली होऊ नये म्हणून असेल, असा त्यानं तर्क केला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये तोडगा काढला: सावली खरीच, पण ब्रह्मदेवाच्या वरानं राहू त्या सावलीत शिरतो! चाळीसगावजवळच्या पाटणला पाटणादेवीच्या दर्शनाला गेलं की हे सगळं आठवतं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ चालवला आणि त्याला मिळालेल्या दानाचा १२०७ चा शिलालेख आहे. देवीच्या पायाशी गणिताची शाळा. तेव्हाच्या लोकांना यात काही अडचण वाटली नसावी.

आजीला मी एकदा विचारलं होतं, "तू सूर्य बघितलास ना घमेल्यात? दिसला राहू?" ती म्हणाली, "सावली असेल, राहू असेल. नाव तुम्ही काय हवं ते ठेवा. सुटला, हे खरं." आठशे वर्षांपूर्वीच्या भास्कराचार्यांहून आजी फार लांब नव्हती.

इथपर्यंत सगळं गोड आहे, आणि 'बघा, आपले पूर्वज किती वैज्ञानिक' असं म्हणून लेख संपवता आला असता. तसे लेख रोज फोनवर येतात. मला मात्र राहून राहून त्या दुपारचा पाण्याचा हंडा आठवतो. ज्या माणसानं ग्रहणाच्या मिनिटाचा दृक्प्रत्यय मागितला, मिनिट चुकलं तर पंचांग बदलायचीही ज्याची तयारी होती, त्यानं त्याच पंचांगातल्या पुढच्या ओळीचा दृक्प्रत्यय कधी मागितला नाही. गर्भिणीनं पाणी प्यायलं तर काय होतं? विळीला हात लावला तर? गावात एवढी बाळंतपणं होत होती, एवढ्या ग्रहणांच्या वेळा कडांवर टिपलेल्या होत्या. भाऊंनी एक रकाना जास्त आखला असता तर पुरे होतं. त्यांच्या मनातही आलं नसेल. आकाश हा पुरुषांचा विषय होता, माजघर नव्हतं.

काकांनाही तोच दोष लागतो. वाईट किरणांचा दृक्प्रत्यय त्यांनी तरी कुठं घेतला? छापलेलं वाचलं आणि खिडकी लावली. विज्ञानाचं नाव घेऊन पाळलेला तो वेधच होता.

असा रकाना आखायचं काम पुढं जयंत नारळीकरांनी केलं, ग्रहणाचं नाही, पण कुंडलीचं. २००८ मध्ये पुण्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीनं, दोनशे मुलांच्या जन्मवेळा घेतल्या: शंभर हुशार, शंभर मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. ५१ जणांनी कुंडल्या नेल्या, २७ जणांची उत्तरं आली, आणि बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास. त्यानंतर गणिती पंचांगाचा खप कमी झाला नाही, फलज्योतिषाचाही नाही. तरी मला ते काम केरूनानांच्या कोष्टकांच्या रांगेतलं वाटतं. त्यांनी भांडण केलं नाही, ताडून बघितलं.

नारळीकरांचं स्वतःचं विश्व हाही या विषयातला न चुकवता येणारा धडा आहे. विश्वाला आरंभ आहे हे पहिल्यांदा गणितानं मांडणाऱ्यांतला एक, जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा कॅथलिक पाद्री होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी जाहीरपणे या आरंभाचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी लावला, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाला तो लमेत्रच; आपल्या समीकरणांना देवाची साक्षीदार म्हणून उभं करणं त्याला पसंत नव्हतं. उलट आरंभ नाकारणारा फ्रेड हॉईल, नारळीकरांचा गुरू, पक्का नास्तिक. 'बिग बँग' हे नाव त्यानंच रेडिओवर ठेवलं. म्हणजे पाद्री म्हणतो आरंभ आहे, नास्तिक म्हणतो नाही, आणि निकाल लागायला १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीतल्या एका अँटेनात चारी दिशांनी सारखीच येणारी खरखर, म्हणजे त्या आरंभाची मागं उरलेली धग, ऐकू यावी लागली. पुढं हॉईल आणि नारळीकरांनी आपलं 'स्थिर', म्हणजे आरंभ नसलेलं, विश्व दुरुस्त करून पुन्हा मांडलं. बहुतेकांनी ते स्वीकारलं नाही. नारळीकर शेवटपर्यंत शंका विचारत राहिले. बरोबर होते असं मी म्हणणार नाही, पण गर्दी एका बाजूला असताना एकटं उभं राहून प्रत्यय मागणाऱ्या माणसाचं मला अप्रूप आहे. २० मे २०२५ ला ते पुण्यात गेले.

त्याच वर्षी ७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, खग्रास चंद्रग्रहण होतं. आता आम्ही पुण्यात राहतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दुपारपासून तिचे वेध चालू होते. दुधावर तुळस होती, लोणच्यावरही होती. मी काही बोलले नाही. रात्री पावणेदहाला ती गच्चीवर आली, जपाची माळ, पाण्याची बाटली आणि भाऊंचं जुनं घड्याळ घेऊन. घड्याळ चालत नाही. वेळ ती माझ्या फोनमध्ये बघत होती.

ढग येत-जात होते. नऊ अठ्ठावन्नचा स्पर्श आम्हाला ढगानं दाखवला नाही. अकरानंतर चंद्र पूर्ण झाकला गेला आणि तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा रंग त्याला आला. भाचा खालच्या मजल्यावरच्या पोरांना समजावत होता, की पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून पोचलेला तो उजेड आहे, म्हणजे त्या क्षणी पृथ्वीवर जिथं जिथं सूर्य उगवतोय आणि मावळतोय, तिथला सगळा लाल. पोरं गप्प झाली. आईसुद्धा ऐकत होती. माळ हातात तशीच थांबली होती.

"म्हणजे रत्नागिरीचाही?" तिनं विचारलं.

"आत्ता नाही आजी, तिथं रात्र आहे."

"हो की," ती म्हणाली, आणि बाटलीचं झाकण उघडून घटाघट पाणी प्यायली. ग्रहणाचा पर्वकाळ होता. मी तिच्याकडे बघत राहिले.

"काय बघतेस? तहान लागली होती," आई म्हणाली. झाकण घट्ट लावलं, माळेचा मणी पुढं सरकवला आणि विचारलं, "उन्मीलन किती वाजता दिलंय?"

"बारा तेवीस."

"लक्ष ठेव. मला सांग बरोबर येतंय का."